डिस्क इमेज तपासणी, स्क्रिप्टद्वारे

आभासी यंत्र (व्हर्च्युअल मशीन) चालू न करता त्याच्या डिस्क इमेजचा (त्याची संपूर्ण डिस्क साठवलेल्या फाइलचा) प्रकार, विभाजने, फाइल सिस्टिम आणि आतली ऑपरेटिंग सिस्टिम स्क्रिप्टने वाचून नोंदवण्याची पद्धत.

उगम : या पद्धतीचे मूळ काही जण न्यायवैद्यक तपासात, म्हणजे ‘डीडी’ या बाइट-बाय-बाइट नक्कल करणाऱ्या आज्ञेने घेतलेल्या डिस्कच्या प्रतीत शोधतात. इमेजच्या आतली ऑपरेटिंग सिस्टिम आपोआप ओळखण्याचा भाग मात्र सर्व्हर व्यवस्थापनातून आला असावा, हे अधिक सयुक्तिक वाटते. रेड हॅटमधील रिचर्ड जोन्स यांनी २००९ च्या सुमारास सुरू केलेल्या ‘लिबगेस्टएफएस’ या डिस्क इमेज वाचण्याच्या साधनसंचाने तो भाग रूढ केला.

प्रकार ओळखणे : फाइलच्या एक्स्टेन्शनवर विसंबू नये. क्यूकाउ२ (क्यूईएमयू या आभासी यंत्र चालवणाऱ्या प्रणालीचा इमेज प्रकार) फाइल ‘क्यूएफआय’ ही अक्षरे आणि एफबी (हेक्स) या बाइटने सुरू होते. व्हीएचडी या दुसऱ्या इमेज प्रकाराची ‘कोनेक्टिक्स’ ही खूण शेवटच्या ५१२ बाइटच्या तळभागात (फुटर) असते. डायनॅमिक (वापराप्रमाणे वाढणाऱ्या) प्रकारात तिची प्रत सुरुवातीलाही असते. क्यूकाउ२चे पहिले ३२ बाइट बिग-एंडियन (मोठ्या किमतीचा बाइट आधी) क्रमाने वाचावेत : खूण ४, आवृत्ती ४, मूळ इमेजच्या (जिच्यावर ही इमेज थर म्हणून आधारलेली असते तिच्या) नावाचे स्थान ८, त्या नावाची लांबी ४, क्लस्टर बिट ४, आभासी आकार ८. क्लस्टर म्हणजे इमेजमधील साठवणीचा एकक तुकडा; क्लस्टर बिट १६ असतील तर तो २^१६ बाइट, म्हणजे ६४ केबीचा.

रॉ इमेजला (डिस्कवरील बाइट जसेच्या तसे असलेल्या फाइलला) कोणतीच खूण नसते आणि खरा धोका इथेच आहे. पाहुण्या (म्हणजे आभासी) यंत्रातला रूट, म्हणजे सर्वाधिकारी, वापरकर्ता डिस्कच्या आरंभी खोटे क्यूकाउ२ शीर्ष (हेडर) लिहून मूळ इमेज म्हणून यजमानावरील (ते चालवणाऱ्या खऱ्या संगणकावरील) एखाद्या गोपनीय फाइलचा मार्ग देऊ शकतो. पुढच्या वेळी प्रकार अंदाजाने ठरवला, तर ती फाइल पाहुण्याला डिस्क म्हणून वाचता येते. क्यूईएमयू आता प्रकार न सांगितलेल्या रॉ इमेजच्या शून्याव्या ब्लॉकवरील लेखन मर्यादित करते. तरीही स्क्रिप्टने प्रकार स्वतः सांगावा हेच बरे.

आत पाहणे : लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमची खूण (५३ ईएफ, हेक्स) विभाजनाच्या आरंभापासून १०८० व्या बाइटवर असते, पहिले विभाजन बहुधा २०४८ व्या सेक्टरपासून, म्हणजे १०,४८,५७६ व्या बाइटपासून सुरू होते. ही स्थाने आभासी डिस्कची आहेत, क्यूकाउ२ फाइलची नव्हेत. नवखी स्क्रिप्ट इथेच फसते. ‘क्यूईएमयू-एनबीडी’ने (इमेज डिस्कसारखी जोडणाऱ्या साधनाने) इमेज फक्त-वाचन जोडून मगच वाचावे. नुसत्या फक्त-वाचन माउंटनेही ईएक्सटी४ जर्नल (अपुऱ्या बदलांची नोंदवही) पुन्हा चालवू पाहते, म्हणून माउंट करताना ‘नोलोड’ हा पर्याय द्यावा. एक्सएफएस या फाइल सिस्टिमला ‘नोरिकव्हरी’, आणि तोच यूयूआयडी (फाइल सिस्टिमचा ओळख क्रमांक) आधीच माउंट असेल तर ‘नोयूयूआयडी’ही. चालू यंत्राची इमेज वाचल्यास अर्धवट चित्र मिळते. लिहिण्यासाठी उघडल्यास फाइल सिस्टिम बिघडते.

मराठवाड्यात : नांदेड, लातूर, छत्रपती संभाजीनगर येथील महाविद्यालयांच्या लॅबमध्ये एक मूळ इमेज आणि प्रत्येक विद्यार्थ्यासाठी तिच्यावरचा वेगळा थर (फक्त बदल साठवणारी इमेज), ही रचना सोयीची. लाइट गेल्याने यंत्र अचानक बंद पडले, तर थरातले जर्नल अपुरे राहते; अशा थराची प्रत काढून प्रतीवरच जर्नल पूर्ण करावे. पेनड्राइव्हवर एकटा थर घरी नेला तर तो उघडत नाही, कारण त्यात मूळ इमेजचा मार्गच असतो, मजकूर नसतो. मूळ इमेज अपडेटसाठी चालू केल्यास तिच्यावरचे सगळे थर निकामी होतात. म्हणून तिची लेखन परवानगी काढून ठेवतात.