उंबर फोडलं की किडे का निघतात?

पिकलेलं उंबर फोडलं, आत किडे दिसले, की बहुतेक जण तोंड वाकडं करून ते फेकून देतात. पण हे किडे नसते तर उंबराला एक बी धरलं नसतं.

उंबर म्हणजे खरं तर एक बंद पिशवी. फुलं तिच्या आतल्या भिंतीवर दाटीनं लागलेली असतात, त्यामुळे ती आपल्यालाच काय, मधमाशीलाही दिसत नाहीत. तिथवर पोचते ती ‘सेराटोसोलेन फ्युसिसेप्स’ नावाची, गांधीलमाशीच्या दूरच्या गोतातली एक चिमुकली मादी. कच्च्या उंबराच्या वासाचा माग काढत ती येते आणि टोकाच्या छिद्रातून आत घुसते. छिद्रावरचे खवले इतके घट्ट, की शिरताना तिचे पंख बहुधा तुटतातच. परत फिरायचा प्रश्न उरत नाही.

आत गेल्यावर ती सोबतचे पराग फुलांवर टाकते आणि काही फुलांच्या बीजांडांत अंडी घालते. अंडी घालायची तिची नळी मात्र ठरावीक लांबीची. पराग पडतात तिथपासून बीजांडापर्यंतचा फुलातला दांडा आखूड असेल तिथं बहुधा अंडं बसतं, लांब असेल तिथं बहुधा बी धरतं. यात कुणाचं औदार्य शोधायला नको. 

पिल्लांत नर आधी बाहेर पडतात. त्यांना पंख नसतात. माद्यांशी मीलन करायचं, बाहेर जायला बोगदा पोखरायचा आणि मरायचं, एवढंच त्यांचं आयुष्य. माद्या नव्या परागांनी छातीवरचे कप्पे भरून उडतात. हाताशी एखाद-दोन दिवस असतात आणि एका झाडावरची उंबरं साधारण एकाच वेळी पिकतात, म्हणून दुसरं झाड गाठावंच लागतं. परिसरात वर्षभर कुठलं ना कुठलं झाड कच्च्या उंबरांवर असेल तरच ही साखळी टिकते. त्याचा लाभ भलत्यांनाच होतो: इतर फळं नसतात तेव्हाही तांबट, धनेश, वटवाघळं, वानरं यांना खायला मिळतं. तेच मग बिया लांबवर नेतात.

या व्यवहारात चोरही आहेत. काही जातींच्या माश्या परागीभवन न करता बाहेरूनच उंबराला भोक पाडून अंडी घालतात. अशाच एका जातीच्या नळीच्या टोकाशी जस्त असतं, हे बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी 2014 मध्ये दाखवलं. किडा आणि धातूचं टोक असलेला ड्रिल! अंडी घालायला अशी माशी बराच वेळ एका जागी खिळून राहते आणि नेमकी तेव्हाच झाडावरच्या लाल मुंग्यांच्या तावडीत सापडते.

उंबराचाच भाऊबंद असलेल्या पुरंदरच्या अंजिरात हे काही घडत नाही. ते परागीभवनाशिवायच पिकतं, आणि नवी झाडं शेतकरी फांद्यांपासून करतात.