कंपनी बुडाली की ओपन सोर्स पण बुडतं? नाही भो!

आपल्या जळगाव-धुळ्याकडे ॲनिमेशन शिकणाऱ्या पोरांना अजूनही कोणीतरी सांगतंच, ओपन सोर्सच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणीही बघू-बदलू शकतं अशा सॉफ्टवेअरच्या, नादी लागू नका, पैसे देणारा गेला की संपलं सगळं. साफ चूक आहे हे. ब्लेंडर या 3D ॲनिमेशनच्या सॉफ्टवेअरचंच बघा, 2002 ला ते बनवणारी डच कंपनी गुंतवणूकदारांनी बंद केली, तेव्हा ते ओपन सोर्स नव्हतंही, मग ब्लेंडरचे जनक टॉन रोझेंडाल यांनी कोड गुंतवणूकदारांकडून सोडवायला लोकांकडून वर्गणी मागितली, सात आठवड्यांत 1 लाख युरो जमले, आणि त्याच ऑक्टोबरमध्ये कोड सगळ्यांसाठी खुला झाला. म्हणजे फंडिंग संपल्यावरच ते खुलं झालं! पैसा लागतो हे खरंय, नुसत्या हौसेवर एवढं काम निभत नाही, म्हणून आज ब्लेंडर देणग्या आणि कंपन्यांच्या मेंबरशिपवर पगारी डेव्हलपर ठेवतं.