मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील इम्युनोथेरपी आणि रक्तातील दाहसूचक : रुग्ण व नातेवाइकांसाठी माहितीपत्रक

मूत्रपिंडाचा कर्करोग शरीरात इतरत्र पसरल्यावर ज्यांना इम्युनोथेरपी, म्हणजे शरीराच्या प्रतिकारशक्तीला कामाला लावणारा उपचार, सुरू होते, त्यांचे नातेवाईक ‘एन.एल.आर.ची तपासणी करून द्या’ असे सांगत आमच्या प्रयोगशाळेच्या खिडकीशी येतात. एन.एल.आर. म्हणजे रक्तातील न्यूट्रोफिल आणि लिम्फोसाइट या दोन प्रकारच्या पांढऱ्या पेशींचे गुणोत्तर. औषध लागू पडणार की नाही हे त्यावरून कळते, असे त्यांना कोणीतरी सांगितलेले असते. यात तथ्य आहे, पण ते अर्धेच आहे. मुळात या आकड्यासाठी वेगळी तपासणी लागत नाही. ज्या सी.बी.सी.चे, म्हणजे रक्तपेशींच्या नेहमीच्या मोजणीचे, पैसे आपण आधीच भरलेले असतात, तिच्याच अहवालातून तो निघतो आणि त्यामुळे आम्ही त्याचे निराळे शुल्क आकारत नाही.

तो कसा काढतात, हे एका काल्पनिक अहवालावरून पाहता येईल. एकूण पांढऱ्या पेशी ९,८००, न्यूट्रोफिल ७६ टक्के, लिम्फोसाइट १४ टक्के आणि प्लेटलेट ४ लाख १२ हजार असे आकडे असल्यास ७६ ला १४ ने भागून गुणोत्तर सुमारे ५.४ येते, आणि हाच एन.एल.आर. होय. त्याला प्लेटलेटच्या हजारातील संख्येने, म्हणजे ४१२ ने, गुणल्यास एस.आय.आय. हा दुसरा निर्देशांक मिळतो. तो येथे २,२०० च्या पुढे जातो. निरनिराळ्या अभ्यासांत एन.एल.आर.ची सीमारेषा ३ पासून ५ पर्यंत कोठेही आखलेली आढळते, त्यामुळे अमुक आकड्याच्या खाली सुरक्षित आणि वर धोका, अशी ठाम रेघ आम्ही अहवालावर छापत नाही.

या आकड्यांचा कर्करोगाशी संबंध येतो तो दाहामुळे, म्हणजे शरीरात सूज येते तेव्हा होणाऱ्या प्रतिक्रियेमुळे. गाठीतून आणि तिच्या आसपासच्या पेशींतून इंटरल्यूकिन-६ व इंटरल्यूकिन-८ यांसारखी रसायने रक्तात उतरतात. पहिल्यामुळे यकृत सी.आर.पी. हे प्रथिन अधिक प्रमाणात तयार करते आणि प्लेटलेट वाढण्यासही हातभार लागतो, तर दुसरे न्यूट्रोफिलांना गाठीकडे ओढून आणते. याउलट निव्होलुमॅब किंवा पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची औषधे स्वतः कर्करोगाची पेशी मारत नाहीत, तर लिम्फोसाइटांपैकी टी-पेशींवर बसलेला पी.डी.-१ नावाचा ब्रेक सोडवतात. म्हणजे ज्या पेशींच्या बळावर हा उपचार चालतो त्या गुणोत्तराच्या छेदात असतात आणि दाहाची खूण अंशात असते, हे लक्षात घेतल्यास संशोधकांचे लक्ष या साध्या भागाकाराकडे का गेले, हे उमगते.

कर्करोगतज्ज्ञांना ही कल्पना नवी नाही. २००९ पासून वापरात असलेल्या आय.एम.डी.सी. या जोखीम-मोजणीतील सहा निकषांपैकी चार रक्ताचेच आहेत : कमी हिमोग्लोबिन, वाढलेले कॅल्शियम, वाढलेले न्यूट्रोफिल आणि वाढलेल्या प्लेटलेट. उरलेले दोन म्हणजे रुग्णाची हालचाल-क्षमता आणि निदानापासून एक वर्षाच्या आत औषधोपचाराची गरज पडणे. एकही निकष लागू नसल्यास जोखीम कमी, एक किंवा दोन लागू असल्यास मध्यम आणि तीन वा अधिक असल्यास जास्त मानली जाते.

येथे एक भेद नीट समजून घ्यावा, कारण नातेवाइकांची बहुतेक घबराट तो न कळल्यामुळे होते, असा आमचा अनुभव आहे. रोग एकंदरीत पुढे कसा वागेल याचा अंदाज देणारा आकडा आणि अमुक औषध याच रुग्णाला लागू पडेल का हे सांगणारा आकडा, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. चढा एन.एल.आर. प्रामुख्याने पहिल्या प्रकारात मोडतो, कारण असे रुग्ण जुन्या गोळ्यांवरही तुलनेने कमी काळ टिकतात. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चेकमेट-२१४ या चाचणीत मध्यम व जास्त जोखमीच्या रुग्णांपैकी निव्होलुमॅब आणि इपिलिमुमॅब ही इम्युनोथेरपीची जोडी घेणारे ७५ टक्के रुग्ण १८ महिन्यांनंतर हयात होते, तर सुनिटिनिब ही जुनी गोळी घेणाऱ्यांत हे प्रमाण ६० टक्के होते. म्हणजे रक्ताचे आकडे वाईट असू शकतात अशाच गटाला इम्युनोथेरपीचा ठळक लाभ झाला. तेव्हा गुणोत्तर वाढले म्हणून महागडे औषध वाया जाणार, असा निष्कर्ष घरच्या घरी काढू नये.

एकदाच मोजलेल्या आकड्यापेक्षा त्याचा कल अधिक बोलका असतो. उपचार सुरू झाल्यापासून सहा आठवड्यांनी एन.एल.आर. किमान एक चतुर्थांशाने उतरलेल्या रुग्णांची पुढील वाटचाल चांगली राहिल्याचे आढळले आहे. सी.आर.पी.ची गंमत मात्र निराळी आहे. जपानमधील संशोधकांनी २०२१ साली दाखवून दिले, की निव्होलुमॅब घेणाऱ्या काही रुग्णांत हे प्रथिन पहिल्या महिन्यात दुपटीहून अधिक उसळते आणि तीन महिन्यांच्या आत मूळ पातळीच्याही खाली येते, व नेमक्या याच रुग्णांना उपचार सर्वांत चांगला मानवतो. तथापि सुरुवातीची उसळी औषधाची की जंतुसंसर्गाची, हे निव्वळ आकड्यावरून ओळखता येत नाही. म्हणून सोबत ताप किंवा लघवीला जळजळ असल्यास डॉक्टरांना त्याच दिवशी कळवावे.

आकडा फसवा ठरण्याची आणखीही कारणे आहेत. इम्युनोथेरपीमुळे आतड्यांना सूज आली की स्टेरॉइड देतात आणि स्टेरॉइडने न्यूट्रोफिल वाढून लिम्फोसाइट घटतात, त्यामुळे कर्करोग जागचा न हलताही एन.एल.आर. वर जातो. पावसाळ्यात डेंग्यू झाल्यास प्लेटलेट घसरतात आणि एस.आय.आय. खोटाच सुधारलेला दिसतो. दाढेचा गळूदेखील सी.आर.पी. वाढवतो. म्हणून नमुना देताना मागील दोन आठवड्यांतील आजार, गोळ्या व इंजेक्शने आमच्या तंत्रज्ञास आवर्जून सांगावीत. त्यांची नोंद अहवालावर केली जाते.

नमुना शक्यतो प्रत्येक वेळी सलाइनमधून औषध देण्यापूर्वी आणि एकाच प्रयोगशाळेत द्यावा, त्यासाठी उपाशी राहण्याची आवश्यकता नाही. सी.आर.पी. काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति लिटर, तर काही ठिकाणी मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर असा छापतात आणि दोहोंत दहापटींचा फरक असल्याने ४० चा ४ झालेला पाहून कोणी आनंदून जाऊ नये. मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत झालेल्या जुन्या तपासण्यांच्या झेरॉक्स प्रती आणल्यास आम्ही एकके जुळवून सर्व आकडे तारीखवार एकाच तक्त्यात मांडून देतो. पुढील भेटीच्या वेळी तो तक्ता आपल्या कर्करोगतज्ज्ञांपुढे ठेवावा.