गामेलान कोणाच्या आश्रयानं वाजत आला

डिसेंबर २०२१मध्ये युनेस्कोनं इंडोनेशियाच्या गामेलानला अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत घेतलं. अशा यादीत नाव गेलं की ती कला अनादी काळापासून जशीच्या तशी चालत आल्यासारखी वाटू लागते. जावा, सुंदा आणि बालीच्या संगीताबद्दल हा समज बाजूला ठेवलेला बरा. आज कानावर पडतं ते रूप बऱ्याच अंशी गेल्या अडीचशे वर्षांत ठरलं, आणि ते ठरवण्यात वादकांइतकाच हात त्यांना पोसणाऱ्यांचा होता.

गामेलान हे एक वाद्य नाही, अख्खा संच आहे. कांस्याच्या पट्ट्या, ओळीनं मांडलेल्या वाटोळ्या घंटा, टांगलेले गोंग, केन्दांग हा दोन्ही तोंडांचा ढोल, रेबाब हे गजानं वाजवायचं तंतुवाद्य आणि सुलिंग ही बासरी. संच एकत्र घडतो आणि आपापसात जुळवला जातो, त्यामुळे एका संचातली पट्टी दुसऱ्यात चालेलच असं नाही. पाच स्वरांचा स्लेन्द्रो आणि सात स्वरांचा पेलोग अशा दोन स्वरव्यवस्था. आपली पेटी जवळ घेऊन हे स्वर शोधायला बसलं तर हाती लागत नाहीत. दुसरी अडचण तालाची. आपला कान समेवर टेकतो आणि सम पहिल्या मात्रेवर येते. जावात मोठा गोंग आवर्तनाच्या शेवटच्या ठोक्यावर पडतो. सवय होईपर्यंत मोजणी चुकतच राहते.

जावातल्या बोरोबुदुर या बौद्ध स्तूपावरच्या, नवव्या शतकाच्या आसपासच्या शिल्पपटांत ढोल, बासऱ्या, वीणेसारखी तंतुवाद्यं कोरलेली आहेत. ती पाहून आपल्याला लगेच ‘हे तर आपलंच’ म्हणावंसं वाटतं. वाद्यांपुरतं त्यात तथ्यही आहे. पण आजचा पूर्ण गामेलान त्या शिल्पांत दिसत नाही, आणि कांस्याच्या गोंगांची परंपरा आग्नेय आशियाची स्वतःची आहे.

ज्या रूपाला आज ‘जावाचं दरबारी संगीत’ म्हणतात त्याची पार्श्वभूमी राजकीय आहे. १७५५च्या गियांतीच्या तहानं मातारामचं राज्य दुभंगलं आणि सुराकार्ता व योग्याकार्ता अशी दोन राजघराणी झाली. राज्याबरोबर वाद्यांचीही वाटणी झाली. परंपरा सांगते की सेकाती या पूज्य गामेलानच्या जोडीतला ‘क्याई गुंतुर मादू’ योग्याकार्ताकडे आला आणि ‘क्याई गुंतुर सारी’ सुराकार्ताकडे राहिला. मग दोघांनी आपापली जोडी पुरी करायला एकेक नवा संच घडवला. हे संच आजही पैगंबर जयंतीच्या आधी थोरल्या मशिदीच्या आवारात वाजतात. संचाला ‘क्याई’ ही आदराची उपाधी, त्याच्यापुढे फुलं आणि धूप, आणि जागा मशिदीची. जावाच्या माणसाला यात काही विसंगत वाटत नाही.

१८२५ ते १८३० या जावायुद्धानंतर खरी सत्ता डचांच्या हातात गेली. लढाया आणि कारभार दोन्ही सुटलेल्या राजांनी उरलेला पैसा नि ईर्षा नृत्य-संगीतावर लावली. या चढाओढीतूनच दरबारी शैली इतकी घोटून निघाली. सोलोच्या, म्हणजे सुराकार्ताच्या, मंगकुनगरान घराण्यातले चौथे मंगकुनगरा यांच्या नावावर सांगितली जाणारी ‘पुष्पवर्ण’ ही रचना याच काळातली. १९७७मध्ये व्हॉयेजर यानांवरच्या सोनेरी तबकडीत जावातर्फे तीच गेली, योग्याकार्ताच्या पाकुआलामान दरबारच्या वादकांनी वाजवलेली.

पश्चिम जावातल्या सुंदा लोकांकडे आश्रयदाते वेगळे होते. चियांजुरच्या सरदारांच्या वाड्यात काचापी हे तंतुवाद्य आणि सुलिंग यांच्या साथीनं गायलं जाणारं तेंबांग सुंदा वाढलं. गामेलान मात्र चहाच्या मळ्यांवरही वाजायचा. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात फ्रेंच संगीतकार द्यबुसीला भुरळ घालणारे वादक पाराकान सालाकच्या डच मळ्यावरचे होते, नर्तकी सोलोच्या दरबारातल्या. युरोपनं ज्याला शुद्ध ‘जावाचं संगीत’ समजून डोक्यावर घेतलं, तो कार्यक्रम असा दोन मुलखांची मोट बांधून उभा केला होता.

रेडिओ आला तसे दरबारही त्याच्या वाटेला लागले. जानेवारी १९३७मध्ये हॉलंडच्या राजकन्या युलियाना यांच्या लग्नात मंगकुनगरानची राजकन्या गुस्ती नुरुल हेगमध्ये नाचली. तिच्या साथीचा गामेलान वाजत होता सोलोत, आणि तिथल्या रेडिओ केंद्रावरून समुद्रापार पोहोचत होता.

बालीत जे घडलं ते याहून झपाट्यानं. बेटाचा उत्तर भाग १८४९मध्येच डचांनी घेतला होता. दक्षिणेत १९०६ला बादुंग आणि १९०८ला क्लुंगकुंग इथं राजे आपल्या कुटुंबासह शुभ्र वस्त्रं नेसून, हातात क्रिस हा खंजीर घेऊन बंदुकांसमोर चालत गेले. हे ‘पुपुतान’, शरण जाण्याऐवजी पत्करलेलं मरण. दरबार संपले आणि त्यांचे भारदस्त संच गावांकडे आले. काही विकले गेले, काही गहाण पडले. गावच्या वादक मंडळींनी, म्हणजे ‘सेका’नं, त्यांची पूजा केली नाही. वितळवून टाकले आणि नव्या ढंगाचे पाडून घेतले.

तो नवा ढंग म्हणजे कब्यार. उत्तरेच्या बुलेलेंगमध्ये १९१५च्या सुमारास तो पुढे आला आणि गावागावांच्या स्पर्धांतून दक्षिणेत पसरला. सगळी वाद्यं एकदम कडाडून उठतात, ताल सुरू व्हायच्याही आधी. याची कारागिरी जवळून पाहण्यासारखी आहे. पट्ट्यांची वाद्यं जोडीनं बनतात आणि जोडीतल्या दोन पट्ट्यांचे स्वर मुद्दाम किंचित वेगळे ठेवतात. दोन्ही एकत्र वाजल्या की आवाज थरथरतो. बालीचे लोक या लाटेला ‘ओंबाक’ म्हणतात, आणि ती नसेल तर संच त्यांना मेलेला वाटतो. वाजवणारेही जोडीनं: एक ‘पोलोस’, दुसरा ‘सांगसिह’. एकानं सोडलेल्या फटीत दुसऱ्याचा ठोका बसतो आणि एकट्या हाताला अशक्य अशी गती तयार होते. डावा हात मागोमाग पट्टी दाबून नाद तोडत जातो. तो जरा उशिरा पोहोचला तर सगळा गोंधळ.

१९२८मध्ये ओडियन आणि बेका कंपन्यांनी बालीत ध्वनिमुद्रणं केली. तिथं त्या तबकड्या खपल्या नाहीत, कारण खरं संगीत रोज दाराशी फुकट वाजत होतं. त्या न्यूयॉर्कमध्ये ऐकून कॅनडात जन्मलेला संगीतकार कॉलिन मॅकफी बालीला आला, वर्षानुवर्षं राहिला आणि कब्यारच्या लाटेत मागे पडलेल्या जुन्या शैली पुन्हा वाजत्या करायला धडपडला. एका पिढीनं भट्टीत घातलेलं पुढच्या वेळी बाहेरचा माणूस शोधत येतो, हे बालीपुरतं मर्यादित नाही.

लोकप्रिय संगीताची मुळं आणखी सरमिसळ आहेत. क्रोंचोंग हा गाण्याचा प्रकार बटाव्हियाजवळच्या, म्हणजे आजच्या जाकार्ताजवळच्या, तुगू गावाशी जोडलेला. तिथल्या पोर्तुगीज बोलणाऱ्या ख्रिस्ती कुटुंबांच्या पूर्वजांपैकी काही भारताच्या किनाऱ्यांवरून आलेले. १९४०मध्ये सोलोच्या गेसांग यांनी रचलेल्या ‘बेंगावान सोलो’नं हा प्रकार साऱ्या आशियात नेला.

स्वातंत्र्यानंतर सरकार हाच आश्रयदाता झालं, आणि पहारेकरीही. सुकार्णोंनी १९५९च्या भाषणात पाश्चात्त्य रॉकची ‘ङाक-ङिक-ङोक’ म्हणून टर उडवली; १९६५मध्ये कुस बंधूंचं वाद्यवृंद मंडळ तसली गाणी वाजवल्याबद्दल तुरुंगात गेलं. याच वातावरणात बांदुंगच्या गुगुम गुम्बिरानं गावाकडच्या केतुक तिलूकडे लक्ष वळवलं. रस्त्यावर गाणाऱ्या-नाचणाऱ्या रोंगेंगची ती कला, सभ्य लोक नाकं मुरडायचे. त्यानं तिच्यात पेंचाक सिलात या युद्धकलेचे पवित्रे आणि केन्दांगची तडफ भरली. सत्तरच्या दशकात यातून निघालं जायपोंगान. कॅसेट स्वस्त झाल्या होत्या. दरबार नाही, रेडिओ नाही, थेट गिऱ्हाईक. अधिकाऱ्यांनी कमरेच्या हालचालींवर डोळे वटारले आणि खप वाढला.

दांगदुत या लोकप्रिय नाच-गाण्याच्या प्रकारात मुंबईच्या हिंदी सिनेमाचा वाटा उघड आहे. मलय वाद्यवृंदांनी पन्नासच्या दशकात या सिनेमाच्या चाली आणि तबल्याच्या अंगाचा ठेका उचलला. १९७०च्या सुमारास सोनेता हा वृंद काढणाऱ्या रोमा इरामानं, तोही पश्चिम जावाचाच, त्यात रॉकची गिटार आणि इस्लामी उपदेश घातला. २००३मध्ये पूर्व जावातून आलेल्या इनुल दारातिस्ताच्या नाचावर हाच रोमा उघड संतापला. लोक इनुलच्या बाजूनं उभे राहिले.

मध्य जावात नव्वदच्या दशकात गुनुंग किदुलच्या मांथोउसनं चांपुरसारी रुजवलं: गामेलान, कीबोर्ड आणि बास गिटार एकाच मंचावर. पुढे सोलोच्या दिदी केम्पोतची जावा भाषेतली विरहगीतं शहरी पोरांनी डोक्यावर घेतली. २०२०मध्ये तो गेला तेव्हा त्याचे चाहते त्याच्या निम्म्या वयाचे होते. दरबारी वादक चांपुरसारीला नाकं मुरडतात, त्याचं कारण गाण्यांत कमी आणि जुळणीत जास्त आहे. कीबोर्डचे स्वर हलत नाहीत, म्हणून कांस्याला हलावं लागतं. पट्टी खालून मध्यभागी घासली की स्वर उतरतो, टोकाला घासली की चढतो; अशी कानशीनं घासून ती पाश्चात्त्य सप्तकात आणतात. लग्नाच्या मांडवात मंडळींना बोलावणाऱ्या यजमानाला पेलोगही हवा असतो आणि कीबोर्डही. पैसे तो देतो, त्यामुळे कारागिराकडे आता सुरुवातीपासून तसेच जुळवलेले संच मागितले जातात.