4,999 लोकांचं गाव आणि 5,001 लोकांचं गाव

नगरसेवकांचं मानधन वाढल्याची बातमी आली की खाली कमेंट ठरलेल्या, "सेवा करायला आलेत ना, मग पैसे कशाला". दुसरी पार्टी म्हणते नीट पैसे द्या, तरच चांगली माणसं राजकारणात येतील. दोन्हीकडे पुरावा शून्य.

मूळ गोची अशी की पगार घेणारा आणि तो मंजूर करणारा बऱ्याच ठिकाणी एकच असतो. म्हणून कॅलिफोर्नियात कायद्यानेच लोकसंख्येप्रमाणे कौन्सिल मेंबरच्या पगाराला लिमिट घातलंय, 35 हजारांपर्यंतच्या शहरात ते कित्येक वर्षं महिना 300 डॉलर होतं, 2024 पासून 950 झालं, आणि वाढ मंजूर केली तरी नवीन टर्म सुरू झाल्यावरच मिळते. पण ज्या शहराची स्वतःची सनद (म्हणजे मतदानाने मंजूर केलेली स्वतःची नियमावली) आहे त्याला हे लिमिट लागत नाही. लॉस एंजेलिसजवळच्या बेल या छोट्याशा गरीब शहराने 2005 मध्ये मतदान घेऊन सनद करून घेतली, मत द्यायला आले 400 पेक्षा कमी लोक! 2010 मध्ये पेपरने भांडं फोडलं तेव्हा बहुतेक कौन्सिल मेंबर वर्षाला जवळपास 1 लाख डॉलर घेत होते (बैठका जेमतेम होणाऱ्या कमिट्यांचे भत्ते दाखवून) आणि सिटी मॅनेजर (शहराचा कारभार बघायला नेमलेला अधिकारी) पावणेआठ लाखांच्या वर. पुढे केस झाली, लोक जेलमध्ये गेले.

पण लोकसंख्येप्रमाणे पगार ठरवणाऱ्या अशा तक्त्याचा एक असा फायदा झाला जो तो बनवणाऱ्यांच्या डोक्यातही नसणार. इटलीत महापौराचा पगार 5,000 लोकसंख्येच्या रेषेवर एकदम साधारण एक तृतीयांशाने वाढतो. आता 4,999 लोकांचं गाव आणि 5,001 लोकांचं गाव यांच्यात खरं तर फरक काय असणार, काहीच नाही, पण एकाच्या महापौराला पैसे कमी आणि दुसऱ्याच्या जास्त. म्हणजे आयता प्रयोगच, लॅब न बांधता. गाल्यार्दुच्ची आणि नान्निचिनी या दोन अर्थतज्ज्ञांनी रेषेच्या जरा खालची आणि जरा वरची गावं शेजारी ठेवून बघितली. वरच्या गावांत जास्त शिकलेले उमेदवार उभे राहत होते आणि कारभाराचा खर्चही आटोक्यात होता.

मग प्रश्न असा की पगारामुळे तोच माणूस जास्त काम करायला लागतो, की मुळात माणूसच वेगळा येतो? इटलीत तेव्हा सलग दोनच टर्म मिळायच्या. दुसऱ्या टर्मवाल्याला लगेच परत उभंच राहता येत नाही, म्हणजे खुर्ची टिकवायची म्हणून काम करतोय असं म्हणायला जागा नाही. हे वेगळं काढल्यावर दिसलं की बराचसा फरक माणूस वेगळा आल्यामुळेच पडतो. मला हा भाग सगळ्यात भारी वाटतो.

ब्राझीलमध्ये पण 2000 च्या घटनादुरुस्तीने असाच तक्ता आला, 10 हजारांपर्यंतच्या शहरात नगरसेवकाला राज्याच्या आमदाराच्या पगाराच्या जास्तीत जास्त 20 टक्के, 5 लाखांच्या वर 75 टक्के. तिथेही जास्त पगाराच्या ठिकाणी निवडणूक जास्त चुरशीची, मेंबर जास्त शिकलेले, मांडलेली बिलंही जास्त.

एक मोठी मेख आहे मात्र. रेषेवर फक्त पगारच बदलायला हवा, दुसरं काही बदललं की प्रयोगाची वाट लागली. इटलीत 2001 पासून 5,000 च्या खालच्या गावांना खर्चाच्या नियमांतून सूट मिळाली, म्हणून त्या दोघांनी त्याआधीचाच डेटा घेतला.

आपल्याकडे मानधन राज्य सरकार ठरवतं, मुंबईच्या नगरसेवकाला 2017 मध्ये 10 हजारांवरून 25 हजार झालं. पण महापालिका सगळ्या मिळून 29, एवढ्यात असली तुलना जमत नाही. ग्रामपंचायती मात्र सत्तावीस हजारांच्या वर आहेत, आणि 2024 च्या वाढीनंतर सरपंचाला 2,000 लोकसंख्येपर्यंत 6 हजार, 8,000 पर्यंत 8 हजार, त्यावर 10 हजार असा तक्ता आहे. सदस्यसंख्या बदलते 1,500, 3,000, 4,500 अशा टप्प्यांवर, म्हणजे 2,000 च्या रेषेवर ती तरी आड येत नाही. रक्कम छोटी आहे हे खरं, 2 हजारांसाठी कोण उभं राहायचं ठरवेल. पण रेषा आहे, गावं आहेत, कोणीतरी पीएचडीवाल्याने हात घालायला हरकत नाही.