कडी न लावलेलं दार

लालबागच्या आमच्या चाळीत दुपारी दाराला कडी नसायची. गॅलरीत कुणीतरी मेथी निवडत बसलेलं असे. अनोळखी माणूस जिना चढून आला की प्रश्न ठरलेला, "कोण पायजे?"

त्याच जागेवर आता टॉवर आहे. गेल्या गणपतीत नवव्या मजल्यावरचं कुटुंब कोकणात गेलं आणि भरदिवसा घर फुटलं. कॅमेऱ्यात चोर दिसतो, बॅग घेऊन लिफ्टकडे येणारा. आमच्याच एका काकूंनी त्याच्यासाठी लिफ्टचं दार धरून ठेवलं होतं. "मला वाटलं, नवीन भाडेकरू."

चोर कसा घडतो यावर ढीगभर लिहिलं गेलंय. चोरी कशी घडते, हे लॉरेन्स कोहेन आणि मार्कस फेल्सन या अमेरिकी समाजशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये मांडलं. चोरायला तयार माणूस, उचलण्याजोगी वस्तू आणि राखणदार गैरहजर, हे तिन्ही एका वेळी एका जागी जमले की काम झालं. कोडं असं होतं की 1960 च्या दशकात अमेरिकेत गरिबी घटत होती, तरी गुन्हे वाढत होते. त्यांनी पाहिलं, बायका नोकरीला लागल्याने घरं दिवसा रिकामी पडत होती. शिवाय विक्रीच्या कॅटलॉगमधला सर्वांत हलका टीव्ही 1960 मध्ये 38 पौंडांचा होता, 1970 मध्ये 15. काखेत मारून नेता येईल असा!

मात्र 'तयार माणूस' येतो कुठून, हे त्यांनी बाजूलाच ठेवलं. 1982 च्या संपात अडीच लाख गिरणी कामगारांची चूल विझताना पाहिलेल्या गिरणगावाला ते पटणं कठीण.

राखणदार म्हणजे वॉचमन नव्हे. 1997 मध्ये रॉबर्ट सॅम्पसन आणि सहकाऱ्यांनी शिकागोतल्या 343 वस्त्यांमधल्या 8,782 रहिवाशांचा अभ्यास प्रसिद्ध केला. पोरं शाळा बुडवून नाक्यावर उभी दिसली, तर शेजारी हटकतील का? असे साधे प्रश्न. जिथे एकमेकांवर भरवसा होता आणि उत्तर 'हो' होतं, तिथे हिंसा कमी होती. गरिबीचा हिशेब धरूनही.

म्हणजे "कोण पायजे?"

पण चाळीचे गोडवे गाताना माझी जीभ जरा अडखळते. आमच्या मजल्यावर एक गृहस्थ रात्री पिऊन बायकोला मारायचे. भिंती पातळ, सगळ्यांना ऐकू जायचं. कुणीतरी रेडिओ मोठा करायचं. सकाळी तीच बाई गॅलरीत मेथी निवडायला बसायची, आणि जिन्यावर पाऊल वाजलं की सगळ्यांत आधी तीच विचारायची, "कोण पायजे?"