उत्पादन आणि संशोधन (ईव्ह ऑनलाइन)

ईव्ह ऑनलाइन हा आइसलंडच्या सीसीपी कंपनीचा अंतराळातला ऑनलाइन गेम, 6 मे 2003 ला सुरू झाला. यातली जहाजं, तोफा, दारूगोळा बहुतेक सगळं खेळाडूच बनवतात आणि खेळाडूच विकत घेतात, त्यामुळे कारखानदारी हा इथं जोडधंदा नाही तर पूर्ण खेळच आहे. खनिज गोळा करणं, ते गाळून ट्रिटॅनियम, पायराइट वगैरे मिनरल काढणं आणि बाजारात माल लावणं हे ज्याने गेम चार दिवस खेळलाय त्याला माहीत असतंच, म्हणून ही नोंद मुख्यतः ब्लूप्रिंट (वस्तू बनवायचा आराखडा) आणि त्यावरच्या रिसर्चबद्दल आहे.

ब्लूप्रिंटचे दोन प्रकार, मूळ म्हणजे बीपीओ आणि नक्कल म्हणजे बीपीसी. (बीपीओ म्हटलं की आपल्याकडे कॉल सेंटर आठवतं, त्याच्याशी याचा संबंध नाही.) सांगली-कुपवाडकडच्या माणसाला सांगायचं तर बीपीओ म्हणजे फाउंड्रीतला पॅटर्न (ज्यावरून साचा पाडतात तो नमुना), एकदा विकत घेतला की त्यावर कितीही कास्टिंग काढा तो संपत नाही. बीपीसीवर मात्र ठरावीक रन (एक रन म्हणजे एकदा उत्पादन) असतात, रन संपले की नक्कल संपली, आणि नकलेवर रिसर्च होत नाही, तो फक्त मूळावर. आणि बीपीओ रिसर्चला लावला की तेवढा वेळ तो अडकतो, त्यावर उत्पादन घेता येत नाही, म्हणून जुने लोक आधी दोन-चार नकला काढून ठेवतात आणि मग मूळ लॅबमध्ये टाकतात.

रिसर्च दोन गोष्टींवर होतो. एक मटेरियल एफिशियन्सी म्हणजे एमई, लेव्हलमागे 1 टक्का कच्चा माल वाचतो, जास्तीत जास्त 10. दुसरी टाइम एफिशियन्सी म्हणजे टीई, पायरीमागे 2 टक्के वेळ, जास्तीत जास्त 20. ही सरळ पद्धत 2014 च्या जुलैमधल्या क्रियस अपडेटनंतरची आहे. त्याआधी एमईला वरची मर्यादाच नव्हती आणि हिशोब वेस्टेजचा होता, मूळ 10 टक्के वेस्ट भागिले (1 अधिक एमई), म्हणजे एमई 1 ला 5 टक्के, 4 ला 2 टक्के, 9 ला 1 टक्का, आणि मग पुढे कितीही घासा हाताला काही लागत नव्हतं, तरी लोक महिनोन्महिने घासत बसायचे. नेटवरच्या बऱ्याच जुन्या गाइडमध्ये हेच गणित अजून सापडतं, नवीन माणूस तिथंच फसतो. आजच्या इंडस्ट्रीची सुरुवात कुठून धरायची यावर जुन्या खेळाडूंत दोन मतं आहेत, काही जण 2006 च्या अखेरीस आलेल्या इन्व्हेन्शनपासून (साध्या नकलेवरून वरच्या दर्जाच्या मालाची नक्कल मिळवायची सोय) धरतात, काही क्रियसपासून. रोजच्या खर्चाचा हिशोब बघता दुसरं मत जास्त पटतं.

एमईचं राउंडिंग नीट समजून घ्यायला पाहिजे, कारण नुकसान तिथं होतं. गेम आधी पूर्ण जॉबचा (एकत्र लावलेल्या सगळ्या रनचा) माल गुणतो, मग टक्केवारी कापतो आणि मग वरच्या पूर्णांकाला नेतो. समजा एका नगाला एखादी वस्तू 5 लागते आणि एमई 10 आहे, तर एक-एक रन लावलात तर साडेचारचे पाच होणार म्हणजे बचत शून्य, पण तेच दहा रन एकत्र लावलेत तर 45 त काम भागतं. आणि जी वस्तू नगामागे एकच लागते ती कितीही रिसर्च केला तरी एकच लागते, रनच्या संख्येखाली आकडा उतरत नाही. नोंदकाराने कुपवाडला एका फाउंड्रीत कॉस्टिंगचं काम केलंय, तिथं रायझर-गेटिंगचं म्हणजे ओतायच्या वाटांत गोठलेलं लोखंड परत भट्टीत जातं म्हणून यील्ड (ओतलेल्यातला कामाचा माल) कमी आलं तरी सगळाच माल बुडत नाही, इथं मात्र जास्तीचा गेलेला माल परत येत नाही, तेवढा फरक लक्षात ठेवावा.

वेळेचं गणित अजून कडक आहे. सगळ्यात साध्या ब्लूप्रिंटची पहिली लेव्हल 105 सेकंदांत होते आणि पुढची प्रत्येक लेव्हल आधीच्यापेक्षा दुपटीहून जास्त वेळ खाते, शेवटची दिवसांत मोजावी लागते. शून्य ते दहा या अख्ख्या प्रवासातला 80 टक्क्यांहून जास्त वेळ शेवटच्या दोन लेव्हलनाच जातो, त्यामुळे सुरुवातीला आठपर्यंत नेऊन उत्पादन चालू करावं, नऊ-दहा सवडीने करावं असं आमचं स्पष्ट मत आहे. जॉब खऱ्या घड्याळावर चालतात, म्हणजे रात्री लावून झोपलं, लाइट गेली, कॉम्प्युटर बंद पडला तरी काम चालूच. सर्व्हर रोज 11:00 यूटीसीला म्हणजे आपल्या दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद होतो, तेवढ्यात लॉगिन होत नाही.

टेक टू मालाची, म्हणजे साध्या मालाच्या सुधारित आवृत्तीची गोष्ट जरा वादाची. सुरुवातीला टेक टूचे बीपीओ रिसर्च एजंटांच्या (गेममधली संगणकी पात्रं) लॉटरीतून मिळायचे, नशिबाचा खेळ होता. 2007 च्या सुरुवातीला कंपनीच्याच एका कर्मचाऱ्याने असे बीपीओ गैरमार्गाने मिळवल्याचं उघड झालं आणि मोठा गदारोळ झाला. इन्व्हेन्शन आल्यावर लॉटरी थांबली, आता बीपीसी आणि डेटाकोर (या कामात खपणारी वस्तू) लावून प्रयत्न करायचा, यशाची मूळ शक्यता मॉड्यूलला (जहाजावर बसवायचा भाग) 34 टक्के, बॅटलशिपला (मोठं लढाऊ जहाज) 22, स्किलने थोडी वाढते, आणि फसलं तर डेटाकोर गेले. जुने बीपीओ मात्र ज्यांच्याकडे होते त्यांच्याकडे राहिले. तेच लोक बाजार पाडतात असं एक मत आहे, पण एका बीपीओवर ठरावीक वेळात ठरावीकच माल निघतो, त्यामुळे जोरात खपणाऱ्या वस्तूंचा भाव इन्व्हेन्शनवाल्यांच्या खर्चावर ठरतो हे मत जास्त टिकणारं वाटतं.

सुरुवात दारूगोळा, छोटं मॉड्यूल किंवा साधं फ्रिगेट (छोटं जहाज) यांच्या बीपीओने करावी, ते बाजारात तयार मिळतात. इंडस्ट्री स्किल लेव्हलमागे 4 टक्के वेळ वाचवतं, मास प्रॉडक्शनने एकावेळी जास्त जॉब लावता येतात, लॅबोरेटरी ऑपरेशनने तसंच रिसर्चचं. जॉबची फी त्या सिस्टीममध्ये (गेममधलं एक तारामंडळ) किती काम चालू आहे त्यावर चढते-उतरते, म्हणून जिटासारख्या मोठ्या बाजाराच्या आसपासची गर्दी सोडून चार उड्या (चार सिस्टीम) लांब जाणं परवडतं. 2016 च्या शेवटी खेळाडूंना स्वतःचे रायटारू, अझबेल, सोटियो हे कारखाने बांधता यायला लागले, तिथं मालात आणखी 1 टक्का सूट मिळते.

आणि एक चूक जवळपास प्रत्येक नवा माणूस करतो, 'मी स्वतः खणलेलं मिनरल फुकट आहे' असं धरतो आणि नुकसानीत जहाज विकून फायदा झाला म्हणतो. आपल्याकडं शेतकरी घरची हळद घरात वापरतो तेव्हासुद्धा सांगलीच्या मार्केट यार्डात आज काय दर निघाला हे त्याला माहीत असतं, तसं खणलेल्या ट्रिटॅनियमला त्या दिवशीचा जिटाचा दर लावायचा, त्यात जॉबची फी, विक्रीचा टॅक्स आणि ब्रोकरची फी मिळवायची, आणि तयार जहाजाचा भाव त्याच्या वर असेल तरच जॉब लावायचा, नाहीतर मिनरलच विकून टाकायचं.